वाळवंटातल्या महाकाय सोलर पार्कपासून गावच्या सबस्टेशनपर्यंत: जगभर सौर वीज केंद्रं का वाढली आणि शेतीपंपाला दिवसा वीज कशी मिळणार?

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्याच्या दक्षिण भागात, भीमेच्या पट्ट्यात वडगाव रासाई हे गाव आहे. नदी ओलांडली की दौंड तालुका लागतो. दोन्ही बाजूंना ऊस आहे, नदीवर बंधारे आहेत, विहिरी आणि उपसा योजना आहेत. पाणी शेतापर्यंत आणायला मोटार लागते आणि मोटारीला थ्री फेज वीज लागते. शेतीची ही वीज दिवसभर मिळत नाही. ती पाळीपाळीनं येते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री.

रात्रीची पाळी असली की शेतकरी बॅटरी आणि काठी घेऊन उसात दारं धरायला जातो. उसात साप असतो आणि आता बिबट्याही असतो. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्याच्या उत्तरेकडच्या पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन आठवड्यांच्या आत तिघांचा जीव गेला. त्यानंतर 'शेतीला दिवसा वीज द्या' ही जुनी मागणी पुन्हा जोरात पुढे आली.

या मागणीचं उत्तर म्हणून राज्यात सौर वीज केंद्रं उभारली जात आहेत. जगात अशी केंद्रं वाळवंटात हजारो एकरांवर उभी राहिली. महाराष्ट्रानं तीच गोष्ट तुकडे करून गावोगावच्या सबस्टेशनजवळ नेली. असं का केलं, त्यातून काय मिळतं आणि काय मिळत नाही, ते या लेखात पाहू.

थोडक्यात

- जगातलं पहिलं १ मेगावॉटचं सौर वीज केंद्र १९८२ मध्ये अमेरिकेत सुरू झालं. आज एकेका केंद्राची क्षमता हजारो मेगावॉट आहे.
- भारतात २०१०-११ मध्ये सौर विजेसाठी ठरलेला दर युनिटला १७ रुपये ९१ पैसे होता. २०२० मध्ये एका लिलावात तो १ रुपया ९९ पैशांपर्यंत उतरला.
- महाराष्ट्रात 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०' मध्ये १६,००० मेगावॉटचं उद्दिष्ट आहे, पण ते शेकडो छोट्या प्रकल्पांत विभागलेलं आहे.
- सौर वीज दिवसाच तयार होते. शेतीपंपाला ती दिवसाच हवी असते. सगळी योजना या एका गोष्टीवर उभी आहे.

सौर वीज केंद्र म्हणजे नेमकं काय?

घराच्या छपरावर बसतात तसलीच पॅनल मोकळ्या जमिनीवर रांगांमध्ये बसवली की सौर वीज केंद्र तयार होतं. पॅनलमध्ये सिलिकॉनचे पातळ तुकडे असतात. त्यांच्यावर ऊन पडलं की वीज तयार होते. ती बॅटरीतल्यासारखी एकाच दिशेनं वाहणारी, म्हणजे डीसी वीज असते. इन्व्हर्टर तिचं एसी विजेत रूपांतर करतो, ट्रान्सफॉर्मर दाब वाढवतो आणि वीज जवळच्या सबस्टेशनला जाते. तिथून पुढे ती नेहमीच्याच तारांवरून ग्राहकाकडे पोचते.

छपरावरच्या पॅनलची वीज आधी त्या घरात वापरली जाते. वीज केंद्राची वीज मात्र विकण्यासाठीच असते. ती वीज कंपनी ठरलेल्या दरानं, बहुतेक वेळा २५ वर्षांच्या करारानं विकत घेते.

काही ढोबळ आकडे लक्षात ठेवले तर पुढचं समजायला सोपं जातं:

- आज ५५० वॉटचं एक पॅनल धरलं तर १ मेगावॉटसाठी साधारण १,८०० पॅनल लागतात.
- १ मेगावॉटला साधारण ४ ते ५ एकर जागा लागते.
- महाराष्ट्रातल्या उन्हात १ मेगावॉटमधून वर्षाला साधारण १५ ते १७ लाख युनिट वीज मिळते.

सुरुवात कुठे झाली?

१९५४ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचा पहिला उपयोगी सौर घट तयार झाला. पडलेल्या उन्हापैकी जेमतेम ६ टक्के ऊर्जेची त्यातून वीज होत होती. आजच्या चांगल्या पॅनलमध्ये हे प्रमाण २० टक्क्यांच्या पुढे आहे. सुरुवातीला ही वस्तू इतकी महाग होती की ती मुख्यतः उपग्रहांवर वापरली जायची.

१९७० च्या दशकात तेलाचं संकट आलं आणि जमिनीवर सौर वीज तयार करण्याचा विचार सुरू झाला. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हेस्पेरियाजवळ 'आर्को सोलर' या कंपनीनं १ मेगावॉटचं केंद्र सुरू केलं. मेगावॉट क्षमतेचं ते जगातलं पहिलं केंद्र होतं. त्यानंतर याच कंपनीनं कॅरिझो मैदानात ५ मेगावॉटच्या आसपासचं केंद्र उभारलं. पण पुढे तेल स्वस्त झालं, सौर वीज महागच राहिली आणि १९९० च्या दशकात ते केंद्र मोडीत निघालं.

मोठा बदल युरोपातून आला. २००० मध्ये जर्मनीनं कायदा केला. त्यानुसार सौर वीज तयार करणाऱ्याला वीस वर्षं ठरलेला दर मिळण्याची हमी होती. दर बाजारभावापेक्षा बराच जास्त होता आणि तो बोजा ग्राहकांच्या बिलातून वसूल झाला. जर्मनीत ऊन बेताचंच, पण या हमीमुळे पॅनलला कायमचं गिऱ्हाईक मिळालं. स्पेननंही तोच रस्ता धरला.

गिऱ्हाईक तयार आहे म्हटल्यावर चीननं कारखाने काढले. सिलिकॉन शुद्ध करण्यापासून पॅनल तयार होईपर्यंतच्या प्रत्येक टप्प्यात आज जगातलं ८० टक्क्यांहून जास्त उत्पादन चीनमध्ये होतं. कारखाने वाढत गेले तशी किंमत उतरत गेली आणि किंमत उतरली तशी मागणी वाढली. २०१० ते २०२० या दहा वर्षांत पॅनलच्या किमती साधारण ९० टक्क्यांनी कमी झाल्या.

एका केंद्राचा आकार कसा वाढत गेला?

आपापल्या काळात जगातल्या सर्वांत मोठ्या केंद्रांमध्ये गणल्या गेलेल्या काही प्रकल्पांची ही यादी:

- १९८२: हेस्पेरिया, अमेरिका, १ मेगावॉट
- २००८: ओल्मेडिया, स्पेन, ६० मेगावॉट
- २०१४: टोपाझ, अमेरिका, ५५० मेगावॉट
- २०१६: कामुती, तमिळनाडू, ६४८ मेगावॉट
- २०१७: कर्नूल, आंध्र प्रदेश, १,००० मेगावॉट
- २०२०: भादला, राजस्थान, २,२४५ मेगावॉट
- २०२४: मिडोंग, शिनजियांग, चीन, ३,५०० मेगावॉट

या यादीत तीन नावं भारतातली आहेत. इजिप्तमध्ये अस्वानजवळचं बेनबान आणि अबू धाबीचं अल धफ्रा हीसुद्धा याच काळातली मोठी नावं. एकूण चित्र पाहिलं तर जगाला सौर क्षमतेचे पहिले १० लाख मेगावॉट गाठायला १९५४ पासून २०२२ पर्यंतचा काळ लागला. पुढचे १० लाख मेगावॉट जेमतेम दोन वर्षांत, २०२४ च्या अखेरीपर्यंत पूर्ण झाले. त्या एका वर्षात एकट्या चीननं सुमारे २ लाख ७७ हजार मेगावॉट क्षमता वाढवली.

तरीही २०२४ मध्ये जगातल्या एकूण विजेत सौर विजेचा वाटा सुमारे ७ टक्केच होता. पॅनलवर लिहिलेली क्षमता भर उन्हातली असते. रात्री ती शून्य असते आणि सकाळ-संध्याकाळी कमी. म्हणून १,००० मेगावॉटचं कोळशाचं केंद्र आणि १,००० मेगावॉटचं सौर केंद्र यांची वर्षभरातली वीज सारखी नसते.

भारतात काय झालं?

जानेवारी २०१० मध्ये केंद्र सरकारनं 'जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर मिशन' सुरू केलं. २०२२ पर्यंत २०,००० मेगावॉट हे तेव्हाचं उद्दिष्ट होतं. २०१५ मध्ये ते वाढवून १ लाख मेगावॉट करण्यात आलं. ते ठरलेल्या वेळेत गाठता आलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये देशानं १ लाख मेगावॉटचा टप्पा ओलांडला.

भारतानं जर्मनीसारखा कायमचा चढा दर दिला नाही, उलटा लिलाव घेतला. जी कंपनी सर्वांत कमी दरात वीज द्यायला तयार होईल तिला काम मिळायचं. २०१०-११ साठी केंद्रीय वीज नियामक आयोगानं १७ रुपये ९१ पैसे दर ठरवला होता. पहिल्याच लिलावात कंपन्या १२ रुपयांच्या आसपास आल्या. २०१७ मध्ये भादलाच्या लिलावात दर २ रुपये ४४ पैसे झाला. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात तो १ रुपया ९९ पैशांवर आला.

दर खाली येण्याचं दुसरं कारण 'सोलर पार्क' ही पद्धत. सरकारी यंत्रणा जमीन, रस्ते आणि वीजवाहिनी तयार ठेवते. कंपनीनं यायचं आणि पॅनल बसवायची. गुजरातमधल्या चारणका इथे २०१२ मध्ये हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. पुढे तो देशभर गेला:

- भादला, राजस्थान: थरच्या वाळवंटात सुमारे १४,००० एकरांवर २,२४५ मेगावॉट.
- पावगडा, कर्नाटक: दुष्काळी तालुक्यात सुमारे १३,००० एकरांवर २,०५० मेगावॉट. इथे जमीन विकत घेतली नाही. शेतकऱ्यांकडून एकरी वर्षाला २१,००० रुपये भाड्यानं घेतली.
- रीवा, मध्य प्रदेश: ७५० मेगावॉट. इथली काही वीज दिल्ली मेट्रोला जाते.
- खावडा, गुजरात: कच्छच्या रणात सुमारे ७२,६०० हेक्टरांवर ३०,००० मेगावॉटचं नियोजन. इथे पवनऊर्जाही आहे आणि काम टप्प्याटप्प्यानं सुरू आहे.

महाराष्ट्रात एवढा मोठा पार्क का नाही?

प्रयत्न झाला होता. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगर इथे महानिर्मितीनं २०१३ मध्ये १२५ मेगावॉटचं केंद्र सुरू केलं. तेव्हा ते देशातल्या मोठ्या केंद्रांपैकी एक होतं. पण राजस्थान किंवा कच्छसारखी हजारो एकर सलग, ओसाड सरकारी जमीन महाराष्ट्रात सहज मिळत नाही. जमीन तुकड्यांत आहे आणि प्रत्येक तुकड्यावर कुणाची तरी शेती, चराई किंवा वहिवाट आहे.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. महाराष्ट्रात सुमारे ४५ लाख शेतीपंप आहेत आणि ते गावोगाव पसरलेले आहेत. मोठ्या केंद्राची वीज आधी उच्च दाबाच्या वाहिन्यांवरून शेकडो किलोमीटर आणायची आणि मग गावच्या तारांवरून शेवटच्या डीपीपर्यंत न्यायची, यात बरीच वीज वाटेतच वाया जाते. वाहिनीच्या टोकाला दाब कमी मिळतो आणि मोटारी जळतात. ग्राहकच विखुरलेला असेल तर केंद्रही विखुरलेलं ठेवता येतं, असा विचार त्यातून पुढे आला.

हे करायला एक तयारी आधीच झालेली होती. राज्यात बऱ्याच ठिकाणी गावठाणाचा फीडर आणि शेतीचा फीडर वेगळे केलेले आहेत. फीडर म्हणजे सबस्टेशनमधून निघणारी ११ केव्हीची वाहिनी. शेतीचा फीडर वेगळा असल्यामुळे सबस्टेशनजवळ सौर केंद्र उभारून त्यावरचे पंप दिवसा चालवणं शक्य होतं.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना काय आहे?

ही योजना जून २०१७ मध्ये जाहीर झाली. सुरुवातीच्या प्रकल्पांसाठी दोन गावं निवडली होती. एक यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी आणि दुसरं पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी. राळेगणसिद्धी शिरूरपासून फार लांब नाही. तिथला प्रकल्प २ मेगावॉटचा आहे. पहिल्या काही वर्षांत योजनेचा वेग मात्र कमी राहिला.

२०२३ मध्ये तिचं दुसरं रूप, म्हणजे 'सौर कृषी वाहिनी योजना २.०' आलं. राबवण्यासाठी 'एमएसईबी सोलर अ‍ॅग्रो पॉवर लिमिटेड' ही सरकारी कंपनी आहे आणि वीज महावितरण घेतं. केंद्राच्या 'पीएम-कुसुम' योजनेतल्या फीडर सौरीकरणाच्या भागाचा तिला आधार आहे. मार्च २०२४ मध्ये सुमारे ९,००० मेगावॉटच्या प्रकल्पांची देकारपत्रं देण्यात आली. दर युनिटला ३ रुपयांच्या आसपास आहे. पुढे एकूण उद्दिष्ट १६,००० मेगावॉट करण्यात आलं.

१६,००० मेगावॉट म्हणजे क्षमतेनं साधारण सात भादला. पण ते एका ठिकाणी नाहीत. एकेक प्रकल्प साधारण अर्ध्या मेगावॉटपासून २५ मेगावॉटपर्यंतचा आणि सबस्टेशनपासून काही किलोमीटरांच्या आत असतो.

२.० मधला पहिला प्रकल्प छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगाव इथे सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. त्याची क्षमता ३ मेगावॉट आहे आणि त्यावर सुमारे १,७५० शेतकरी अवलंबून आहेत. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिम इथल्या कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते एकूण १९ मेगावॉटच्या पाच प्रकल्पांचं लोकार्पण झालं.

३ मेगावॉटवर १,७५० पंप कसे चालतात?

हा प्रश्न बरोबर आहे. ५ अश्वशक्तीची मोटार साधारण ३.७ किलोवॉट वीज घेते. म्हणजे १ मेगावॉटवर भर दुपारी एका वेळी सुमारे २७० मोटारी चालतील आणि ३ मेगावॉटवर सुमारे ८००. सकाळी आणि संध्याकाळी त्याहून कमी.

हे जमतं ते दोन गोष्टींमुळे. पहिली म्हणजे सगळ्या मोटारी एकाच वेळी चालू नसतात. कुणाच्या विहिरीला पाणी कमी असतं, कुणाचं भिजवून झालेलं असतं. दुसरी म्हणजे सौर केंद्र सबस्टेशनला जोडलेलं असतं, थेट पंपाला नाही. ढग आला किंवा मागणी वाढली तर कमी पडणारी वीज राज्याच्या ग्रिडमधून येते. पाऊस पडून गेल्यावर पंप बंद असले तर जास्तीची वीज त्याच सबस्टेशनवरून इतरांना जाते.

त्यामुळे शेतकऱ्याला नवी मोटार किंवा स्वतःची पॅनल घ्यावी लागत नाहीत. जोडणी तीच, तारा त्याच आणि ग्राहक तो महावितरणचाच. बदलतं ते विजेचं वेळापत्रक.

या तीन योजनांत गल्लत होते

सोशल मीडियावरच्या पोस्टमध्ये तीन वेगळ्या गोष्टी एकत्र केलेल्या दिसतात. त्या अशा:

- सौर कृषी वाहिनी: सबस्टेशनजवळ केंद्र. फीडरवरच्या सगळ्या पंपांना दिवसा वीज. शेतकऱ्यानं अर्ज करायचा नसतो.
- मागेल त्याला सौर कृषी पंप: शेतकऱ्याच्या बांधावर स्वतंत्र पॅनल आणि पंप. सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्याला १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के रक्कम भरावी लागते. ऊन नसेल तेव्हा पंप चालत नाही.
- मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना: २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचं वीजबिल माफ. ही बिलाची सवलत आहे, सौर प्रकल्प नाही.

पैशांचं गणित कुणाच्या बाजूनं?

शेतीची वीज वर्षानुवर्षं तोट्यात दिली जाते. तो तोटा काही सरकारी अनुदानातून आणि काही उद्योग व व्यापारी ग्राहकांच्या जास्त दरातून भरला जातो. राज्य सरकारच्या मांडणीनुसार शेतीला वीज पोचवण्याचा खर्च युनिटला ८ रुपयांच्या आसपास आहे, तर सौर वीज ३ रुपयांच्या आसपास मिळते. बिल माफ असेल तर ही बचत शेतकऱ्याच्या खिशात दिसत नाही. ती सरकारी तिजोरीत आणि पुढे इतर ग्राहकांच्या दरात दिसायला हवी.

जमीनमालकाला भाडं मिळतं. योजनेत खासगी जमिनीसाठी हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ असा दर आहे. म्हणजे एकरी साधारण ५०,००० रुपये. ज्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत प्रकल्प होतो त्यांना तीन वर्षं दरवर्षी ५ लाख रुपये देण्याची तरतूद आहे.

भीमाकाठच्या शेतकऱ्यानं हे भाडं आपल्या शेताशी ताडून पाहिलं तर काय दिसतं? एकरी ४० टन ऊस आणि टनाला ३,००० रुपये धरले तर ढोबळ उत्पन्न १ लाख २० हजार होतं. त्यातून लागण, खत, मजुरी आणि पाण्याचा खर्च जातो आणि लागणीचा ऊस वर्षभराहून जास्त काळ शेतात उभा असतो. तरीही बागायती जमीन कुणी सहसा पॅनलखाली देणार नाही. नदीपासून लांबच्या मुरमाड, जिराईत जमिनीचा हिशेब वेगळा आहे. तिथे एका वर्षी बाजरी येते, दुसऱ्या वर्षी काहीच येत नाही. अशा जमिनीला दरवर्षीचं पक्कं भाडं मोठा आधार ठरू शकतं.

अडचण कुठे आहे?

१. संध्याकाळ. सौर वीज सूर्य मावळला की संपते आणि शहरांची मागणी नेमकी तेव्हाच वाढते. त्यासाठी साठवण लागते. एक मार्ग बॅटरीचा. दुसरा मार्ग सह्याद्रीला चांगला ओळखीचा आहे: दिवसा स्वस्त विजेवर पाणी वरच्या धरणात चढवायचं आणि संध्याकाळी खाली सोडून वीज घ्यायची. घाटघरचा २५० मेगावॉटचा प्रकल्प असा चालतो. मावळातल्या शिरवता इथे १,८०० आणि कर्जतजवळच्या भिवपुरीला १,००० मेगावॉटच्या अशा प्रकल्पांसाठी २०२३ मध्ये टाटा पॉवरनं राज्य सरकारबरोबर सामंजस्य करार केला.

शेतीपंपाला मात्र ही अडचण फारशी नाही. विहीर आणि शेत हीच त्याची साठवण. दिवसा भिजवलेल्या उसाला रात्री वीज लागत नाही. पाण्याची मागणी रब्बीत आणि उन्हाळ्यात जास्त असते आणि तेव्हाच आकाश निरभ्र असतं. शिरूर-दौंड हा तर पर्जन्यछायेचा भाग.

२. गायरान आणि माळरान. १ मेगावॉटला ४ ते ५ एकर धरले तर १६,००० मेगावॉटला ६४ ते ८० हजार एकर लागतात. यातली बरीच जमीन सरकारी गायरानं आहेत. सातबाऱ्यावर पडीक दिसणाऱ्या गायरानावर गावची जनावरं चरतात, धनगरांचे वाडे बसतात. कुठे भूमिहीनांनी वर्षानुवर्षं शेतीही केलेली असते. प्रकल्पाला कुंपण पडलं की हे सगळं बंद होतं. भाडं जमीनमालकाला मिळतं, चराई गमावणाऱ्याला मिळत नाही. पावगडातही हाच प्रश्न आला. जमीनमालकांना भाडं सुरू झालं, पण त्यांच्या शेतावर राबणाऱ्या मजुरांचं काम गेलं.

माळरान ओसाडही नसतं. राजस्थान आणि गुजरातमध्ये सौर केंद्रांच्या उच्च दाबाच्या तारांवर आदळून माळढोक मरतात, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२१ मध्ये न्यायालयानं तारा जमिनीखालून नेण्याचे आदेश दिले आणि २०२४ मध्ये ते काहीसे शिथिल करून समिती नेमली. महाराष्ट्रात माळढोकचं नाव सोलापूरच्या नान्नजशी जोडलेलं आहे. पुणे जिल्ह्यात सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा आहेत आणि आसपासच्या माळावर लांडगे. प्रकल्पाची जागा ठरवताना 'पडीक' या शब्दावर विसंबून चालत नाही.

यावर चीनच्या किंघाई प्रांतात एक उपाय दिसतो. तिथल्या तालातान भागात पॅनलच्या सावलीत आणि धुण्याच्या पाण्यावर गवत वाढलं. ते वाढून पॅनल झाकायला लागल्यावर त्यात मेंढ्या सोडल्या गेल्या. पॅनल थोडी उंच बसवली आणि मेंढपाळांना आत येऊ दिलं तर चराई आणि वीज एकत्र जमू शकतात. करारातच तशी तरतूद असेल तर हे इथेही करता येईल.

३. पाणी. वीज दिवसा, पुरेशी आणि बिलाशिवाय मिळाली तर उपसा वाढण्याची भीती असते. रात्रीचा त्रास हा उपशावरचा एक नकोसा लगाम होता. तो सुटल्यावर ठिबक आणि पाण्याचा हिशेब यांची गरज जास्त पडेल, विशेषतः ऊसपट्ट्यात.

४. देखभाल. धूळ बसली की पॅनलची वीज घटते आणि धुवायला पाणी लागतं. केंद्र नवं असलं तरी फीडरच्या तारा, डीपी आणि खांब जुनेच असतात. डीपी जळाली तर भर उन्हातही मोटार बंदच राहते.

गावात काय विचारायचं?

आपल्या भागात प्रकल्प येतोय असं ऐकलं तर सबस्टेशन किंवा ग्रामपंचायतीत हे प्रश्न विचारता येतात:

- आपली मोटार कोणत्या सबस्टेशनच्या कोणत्या फीडरवर आहे आणि तो फीडर सौरीकरणाच्या यादीत आहे का?
- प्रकल्प किती मेगावॉटचा आणि त्या फीडरवर पंप किती?
- जमीन खासगी की गायरान? गायरान असेल तर ग्रामसभेत विषय आला का आणि चराईचं काय ठरलं?
- ग्रामपंचायतीला मिळणारी रक्कम कशावर खर्च होणार?
- केंद्र सुरू झाल्यावर रात्रीची पाळी पूर्ण बंद होणार की अधूनमधून राहणार?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. मेगावॉटचे आकडे कितीही मोठे झाले तरी वडगाव रासाईच्या किंवा नदीपलीकडच्या दौंडच्या शेतकऱ्यासाठी योजनेची परीक्षा साधी आहे. सकाळी नऊच्या सुमाराला थ्री फेज आली, दाब पुरेसा मिळाला आणि रात्री उसात जावं लागलं नाही, तर योजना पोचली. ऊन त्या माळावर पूर्वीपासून आहेच. ते वेळेवर मोटारीपर्यंत नेणं एवढंच काम आता उरलं आहे.